मदत हवी आहे: आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची) इंजेक्शनं जतसारख्या ठिकाणी घरी कशी सांभाळायची?

माणगंगा_काठ: राहायला जतजवळच्या गावात, उपचार मिरजेला. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू होतील, साधारण दहा-बारा दिवस. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीला मिरजेला जायचं, बाकी दिवस घरीच टोचायचं. औषधं फ्रिजमधली, एसटीला दोन तासांच्या वर लागतात, ऊन मी म्हणतंय आणि गावात दुपारची लाइट कधीही जाते. नवऱ्याने कधी सुई हातात धरलेली नाही. घरात फक्त सासूबाईंना माहीत आहे, त्यामुळे रोज गावातल्या दवाखान्यात जाणं नको वाटतं. पीसीओडी (बीजांडकोशात खूप लहान अंडी साठण्याचा त्रास) आहे, एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्तचाचणी) ७.२. जाणकारांनी कृपया सांगावं.

औषधपेटी: ताई, पहिली गोष्ट, बारा दिवसांची औषधं एकदम घेऊ नका. सोनोग्राफी बघून डोस बदलतो, उरलेली इंजेक्शनं मेडिकलवाला सहसा परत घेत नाही. पुढच्या तारखेपर्यंतची घ्या आणि वर एक जादा.

घरी नेण्याआधी प्रत्येक खोक्यावरचं तापमान वाचा. पेनमधलं तयार औषध बहुतेक २ ते ८ अंशांचं असतं. एचएमजीची (अंडी वाढवणाऱ्या हार्मोनची) पावडर काही कंपन्यांची २५ अंशांपर्यंत चालते, पण उन्हाळ्यात पत्र्याखाली तेवढं कुठलं, तीही फ्रिजमध्येच ठेवा. आणि गोठणं हे तापण्याइतकंच वाईट. ही औषधं प्रथिनांची. एकदा गोठून वितळली की दिसायला नितळ दिसतील, पण त्यांचा भरवसा धरू नये.

प्रवासात झाकणाचा थर्मोकोलचा डबा घ्या. जेल पॅक फ्रीझरमधून काढून पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ठेवा, त्याला घाम सुटला की नॅपकिनमध्ये गुंडाळा आणि मग औषधाशेजारी. बर्फाच्या खड्यांवर कुपी ठेवली की एक बाजू गोठते. एसटीत इंजिनच्या धगीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीशी बसू नका, डबा मांडीवर घ्या.

घरी मधल्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात. दारात नको, आणि फ्रीझरखालच्या बर्फ धरणाऱ्या भिंतीला चिकटून तर अजिबात नको. लाइट गेल्यावर फ्रिज उघडलाच नाही तर तीन-चार तास गारवा टिकतो. सासूबाईंना तेवढं सांगून ठेवा: लाइट नाही तोवर ताकासाठीसुद्धा दार उघडायचं नाही. माठाजवळ ठेवायचा सल्ला कुणी देईल. माठ गार करतो, पण ८ अंशांवर आणत नाही. लाइट रात्रभर गेली तर जेल पॅकचा डबा आहेच, आणि सकाळी दवाखान्यात फोन करून किती तास गेले ते सांगा. औषध टाकायचं की वापरायचं हे त्यांना ठरवू द्या.

सुई_आणि_वेळ: टोचायचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. पोटावरची इंजेक्शनं कातडीखालची असतात, सुई इन्सुलिनसारखी बारीक. पहिलं इंजेक्शन मिरजेत नर्ससमोर नवऱ्यानेच द्यायचं, असा आग्रह धरा. मोबाइलवर पाहून शिकण्यापेक्षा तो एक दिवस मोलाचा.

पावडरच्या कुपीत पाणी सोडताना सुईचं टोक काचेच्या कडेला लावा, म्हणजे धार भिंतीवरून उतरते. मग कुपी तळव्यांत धरून हलकेच फिरवा. हलवून फेस आला की औषध बुडबुड्यांत अडकतं आणि सिरिंजमध्ये कमी भरतं. डोस दोन-तीन कुप्यांचा असेल तर बहुतेकदा एकाच १ मिली पाण्यात एकामागून एक विरघळवतात, नाहीतर पोटात उगाच तीन मिली जातं. डॉक्टरांना विचारून तसंच करा. काढायची सुई जाड आणि टोचायची बारीक, मधे बदलायला विसरू नका. बहुतेक दुखणं तिथूनच येतं.

जागा बेंबीपासून तीन बोटं लांब, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं असताना टोचलं की झोंबतं. कातडीची घडी धरून सुई सरळ आत, पेन असेल तर बटण दाबून दहा अंक मोजा, मगच बाहेर. टोकाला औषधाचा थेंब राहिला तर तो डोसमधून गेला. छोटा बुडबुडा आत गेला म्हणून घाबरू नका, कातडीखाली तो काही करत नाही. वेळ रोज एकच. चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचं नाही, फोन करायचा.

पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमाराला दुसरं इंजेक्शन जोडतात, अंडं वेळेआधी फुटू नये म्हणून. यात काही तासांची ढिलाई चालत नाही. दहा दिवसांची मेहनत एका रात्रीत जाऊ शकते.

माणगंगा_काठ: खूप मदत झाली. ट्रिगरची (अंडी पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची) भीती वाटते. आणि पीसीओडीमुळे वेगळं काही?

सुई_आणि_वेळ: ट्रिगरची वेळ पिकअपवरून (अंडी बाहेर काढण्याच्या वेळेवरून) उलटी मोजतात, ३५-३६ तास. पिकअप गुरुवारी सकाळी ९ ला, तर ट्रिगर मंगळवारी रात्री ९ च्या सुमाराला. उशीर झाला तर अंडी पिकत नाहीत, फार लवकर घेतलं तर पिकअपआधीच फुटतात. दोन मोबाइलमध्ये गजर लावा, टोचल्याची नेमकी वेळ लिहा, दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तर लपवू नका, पिकअपची वेळ हलवता येते. ट्रिगर एचसीजीचा (गरोदरपणातल्या हार्मोनचा) असेल तर दुसऱ्या दिवशी घरच्या प्रेग्नन्सी स्ट्रिपवर दोन रेघा येतात. त्यावरून औषध अंगात गेल्याचं कळतं, गरोदरपणाचं काही नाही.

औषधपेटी: एएमएच ७.२ आणि पीसीओडी, म्हणजे अंडी एकदम खूप वाढून पोटात पाणी साठण्याचा धोका तुम्हाला जास्त. तो टाळायला डॉक्टर बऱ्याचदा एचसीजीऐवजी दुसरं ट्रिगर देतात (मग वरची स्ट्रिप कामाची नाही) आणि सगळे गर्भ फ्रीझ करतात. त्या महिन्यात ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) झालं नाही म्हणजे सायकल (उपचाराची फेरी) वाया गेली असं घरी कुणालाही वाटू देऊ नका. ते तुमच्या सुरक्षेसाठी असतं.

पिकअपनंतर रोज सकाळी लघवीला जाऊन मग वजन करा. दिवसात किलोभर वाढलं, साडीची गाठ अचानक घट्ट झाली, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर गॅस समजून ओवा खात बसू नका. मिरज दोन तासांवर आहे, रात्र व्हायची वाट न पाहता निघा.

नवऱ्याला सांगा: पिकअपआधी दोन ते पाच दिवस संबंध नको. त्या सकाळी नमुना देता येणार नाही अशी धास्ती असेल तर आधीच एक फ्रीझ करून ठेवतात, मोकळेपणाने विचारा. तंबाखू, मिश्री दोघांचीही आजच बंद. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आजचा फायदा नंतरच्या सायकललाही होतो.

माणगंगा_काठ: मिश्री सासूबाईंमुळे मलाही आहे, आजपासून सोडते. शेवटचं: एसटीने परत येता येईल का?

सुई_आणि_वेळ: ट्रान्सफरनंतर हो. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, खड्ड्याच्या धक्क्याने गर्भ घरंगळत नाही आणि झोपून राहण्याचाही उपयोग नाही. पिकअपच्या दिवशी मात्र नको. भूल दिलेली असते, आदल्या रात्रीपासून पोट रिकामं. गाडी ठरवा किंवा मिरजेत मुक्काम करा, आणि सोबत कुणीतरी हवंच. सासूबाईंनाच घेऊन या.