युद्धबंदी, शस्त्रसंधी, युद्धविराम, तह : कुठला शब्द नक्की कुठे वापरायचा?

धागाकर्ती

१० मे २०२५ ला संध्याकाळी पाचपासून भारत-पाकिस्तानची फायरिंग थांबली तेव्हापासून सोसायटीच्या कट्ट्यावर, नातेवाईकांच्या ग्रुपवर, ऑफिसात डबा खाताना, सगळीकडे तोच वाद चाललाय की थांबायला नको होतं की बरं झालं थांबलो. माझंही मत आहे आणि ते मी तिथे तावातावाने मांडलंय, पण ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली की निम्मे लोक वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडतायत. एकजण युद्धबंदी म्हणतो, दुसरा शस्त्रसंधी, मामेभाऊ सरळ "तह केला" म्हणतो, आणि एक काका तर "माघार" म्हणून मोकळे झाले. त्यांना वाटतं सगळं एकच. मला तसं वाटत नाही. तह म्हटलं की कलमं आली, सह्या आल्या, काहीतरी दिलं-घेतलं असं डोळ्यासमोर येतं. त्या दिवशी परराष्ट्र सचिवांनी सांगितलं ते एवढंच की पाकिस्तानच्या डीजीएमओंचा (लष्करी कारवायांचे महासंचालक) दुपारी ३:३५ ला आपल्या डीजीएमओंना फोन आला आणि जमिनीवर, हवेत, समुद्रात गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायचं दोन्हीकडून ठरलं. याला मराठीत नेमकं काय म्हणाल? राजकारण जरूर बोला, पण शब्दाला धरून बोला एवढीच विनंती.

सांगलीकर

आधी युद्धबंदीचं बघू, कारण खरा घोळ तिथेच आहे. हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. दारूबंदी, जमावबंदी, संचारबंदी या रांगेतली युद्धबंदी म्हणजे लढाई बंद. आणि बंदीवान, बंदिशाळा यातला बंदी घेतला तर युद्धबंदी म्हणजे लढाईत पकडलेला सैनिक. पहिल्यातली बंदी फारसी वळणाची, दुसऱ्यातला बंदी संस्कृत बन्दिन्. लिहायला डिट्टो सेम.

पण व्याकरण फरक करतं हे फारसं कोणी बघत नाही. लढाई थांबली ती "ती युद्धबंदी", स्त्रीलिंगी, नदीसारखी चालते : युद्धबंदीला, युद्धबंदीने, युद्धबंदीची घोषणा. पकडलेला सैनिक "तो युद्धबंदी", कैदीसारखा चालतो : युद्धबंद्याला, युद्धबंद्याने, युद्धबंद्यांची सुटका. म्हणजे विभक्ती लागली की अर्थ उघडा पडतो. "युद्धबंदीचा प्रश्न" आणि "युद्धबंद्यांचा प्रश्न" यात गल्लत व्हायचं कारण नाही. गल्लत होते ती बिनविभक्तीच्या हेडिंगमधे, आणि हल्ली बरेच जण "युद्धबंदींना सोडलं" असं लिहितात तिथे. ते चूक आहे, "कैदींना" म्हणत नाही ना आपण, कैद्यांना म्हणतो.

इतिहासाचा मास्तर

सांगलीकर, याला १९७१ सारखं दुसरं उदाहरण नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी आपल्या जनरल जगजितसिंग अरोरांसमोर सही केली, ती शरणागती, तिथे दुसरा शब्दच नाही. पूर्वेकडे सुमारे ९३ हजार माणसं आपल्या ताब्यात आली (सैनिकांबरोबर निमलष्करी आणि मुलकी लोकही होते त्यात), ते युद्धबंदी. आणि पश्चिम आघाडीवर इंदिरा गांधींनी १७ डिसेंबरच्या रात्री आठपासून एकतर्फी लढाई थांबवली, ती युद्धबंदी. दोन दिवसांत दोन्ही अर्थ. वर्गात शिकवताना मी युद्धकैदी हाच शब्द वापरतो आणि मुलांनाही तोच लिहायला सांगतो, लढाई थांबली त्यासाठी युद्धबंदी ठेवतो, प्रश्न मिटला.

आता धागाकर्तीच्या मामेभावाच्या "तह" बद्दल. मराठीत तहाला फार वजन आहे. पुरंदरचा तह, १६६५, पस्तीस किल्ल्यांतले तेवीस मोगलांना द्यायचे आणि बारा महाराजांकडे राहायचे, हा तह. सालबाईचा तह १७८२, वसईचा १८०२. प्रत्येकात कलमं आहेत, कुठला मुलूख कोणाकडे ते आहे. शाळेच्या पुस्तकात व्हर्सायचाही तहच असतो. पण गंमत बघा की स्वातंत्र्यानंतरच्या कशालाच आपण तह म्हणत नाही. सिमल्याचा करार, ताश्कंदचा करार. म्हणून १० मे ला "तह" म्हणणं मला दोन्ही अंगांनी पटत नाही, तिथे कलमंही नव्हती आणि आजच्या काळात तो शब्द कोणी त्या अर्थाने वापरतही नाही.

नाशिकचा

मास्तर, मग "युद्धात जिंकलं आणि तहात हरलं" हे लोक म्हणतायत त्याचं काय? आमच्याकडे रोज कोणीतरी ते टाकतंच. आणि मला ते चूक वाटत नाही, जोर आपल्या बाजूने होता आणि आपण थांबलो, सामान्य माणसाला यापेक्षा वेगळ्या शब्दात सांगता येत नाही. तुम्ही शब्द दुरुस्त करत बसलात तर त्याचा रागच खोटा ठरतो ना?

इतिहासाचा मास्तर

राग खोटा म्हणत नाही मी. पण ती म्हण वापरायची तर त्यात तह पाहिजे, आणि तहात काय गेलं ते सांगता आलं पाहिजे. १९६५ ला ती लागू पडते असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालू शकतो, कारण वाद घालायला वस्तू आहे : २८ ऑगस्टला हाजी पीर खिंड आपल्या जवानांनी घेतली, २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली, १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदला शास्त्रीजींनी सही केली (त्याच रात्री ते गेले) आणि त्या करारात दोन्ही फौजांनी ५ ऑगस्टच्या आधीच्या जागांवर परत जायचं होतं, म्हणून हाजी पीर परत गेली. हे "तहात हरणं" आहे असं कोणी म्हणालं तर मी विचारेन की मग पाकिस्ताननेही छांब आणि खेमकरणकडची जमीन सोडली ती कुठे धरायची. असा वाद पुढे जातो. १० मे बद्दल तुम्ही म्हणू शकता की थांबायची वेळ चुकली, थांबायचं अमेरिकेच्या अध्यक्षाने आधी जाहीर करायला नको होतं, हे सगळे मुद्दे आहेत आणि मांडा. फक्त तो तह नव्हता.

निवृत्त सुभेदार, सातारा

आम्ही युनिटमधे सीजफायरच म्हणायचो, मोडलं की सीजफायर व्हायोलेशन, लिहिताना नुसतं सीएफव्ही. मराठी शब्द गावाकडे पेपरात वाचायचो.

पण एक सांगतो. २००३ च्या नोव्हेंबरात ताबारेषेवर (काश्मीरमधली पाकिस्तानकडची नियंत्रण रेषा) सीजफायर झालं तेव्हा मी पूंछकडे होतो. ईदचे दिवस होते. त्याआधी खेचरांवरचं रेशन अंधार पडल्याशिवाय वर चढवता यायचं नाही, दिवसा खेचर दिसलं की पलीकडून मॉर्टर यायचा आणि खेचरवाला बिचारा आमचा गडी नसायचा, तिथल्याच गावचा पोर्टर असायचा. ते झाल्यावर खेचरं दिवसाढवळ्या यायला लागली. तारेचं कुंपण जे फायरिंगमधे उभं करता येत नव्हतं ते त्याच काळात पुरं झालं, २००४ ला. पुढे पुन्हा सुरू झालं सगळं, वर्षागणिक वाढत गेलं, मग फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही डीजीएमओंनी परत पाळायचं ठरवलं.

तर मुद्दा असा की २००३ ला कुणी कागदावर सह्या केल्या नव्हत्या. तोंडी ठरलेलं. तरी त्याला शस्त्रसंधी म्हणतातच ना सगळे. जे खाली घरात बसून "थांबायला नको होतं" म्हणतात त्यांना मी वाईट म्हणत नाही, पण तिथल्या गावातल्या माणसाला विचारा मॉर्टर थांबणं म्हणजे काय, त्याला शब्द कुठलाही चालेल.

धागाकर्ती

सुभेदार साहेब, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. खेचरवाल्याचं वाचून मी थांबलेच. आमच्या कट्ट्यावर हे येतच नाही, तिथे सगळं नकाशावर चालतं.

शस्त्रसंधीबद्दल मात्र एक शंका आहे. संधी म्हणजे सांधा, जोडणी, दोन बाजू लागतात. मग पेपरात "एकतर्फी शस्त्रसंधी" येतं ते कसं काय? २०१८ ला रमजानच्या महिन्यात काश्मीरमधे सरकारने ऑपरेशन्स थांबवली तेव्हा हाच शब्द होता. मला तो वदतोव्याघात वाटतो, म्हणजे शब्द स्वतःलाच खोडून काढतो.

सांगलीकर

आहेच. बंदी एकट्याने करता येते, संधीला दोघं लागतात. २१ नोव्हेंबर १९६२ ला चीनने स्वतःहून जाहीर केलं ती एकतर्फी युद्धबंदी, १७ डिसेंबर ७१ ची आपलीही तशीच. १० मे ला दोघांनी मिळून ठरवलं, म्हणून तिथे शस्त्रसंधी बसते, कागद असो वा नसो.

आठवीतल्या मुलीची आई

मुलीने विचारलं शस्त्रसंधी म्हणजे शस्त्र वापरायची संधी का. तिचं काय चुकलं? आता संधी म्हटलं की चान्स हाच अर्थ मुलांना माहितीये, संधीकाल आणि व्याकरणातले संधी सोडले तर दुसरा अर्थ कुठे ऐकतात ती. त्यापेक्षा युद्धविराम बरा नाही का, स्वल्पविराम पूर्णविराम त्यांना येतात, लगेच कळतं.

उपसंपादक

डेस्कवर बसून गेली कित्येक वर्षं हेच करतोय म्हणून लिहितो. युद्धविराम हिंदीतून आला म्हणून आमच्याकडे काही जणांना नको असतो, मला त्यात वावगं दिसत नाही, विराम मराठीच आहे. अडचण वेगळी आहे. त्यात "युद्ध" आहे. जिथे सरकार युद्ध म्हणतच नाही तिथे तो शब्द घातला की आपण एक बाजू घेतो. पुतिन युक्रेनमधे घुसले, २४ फेब्रुवारी २०२२, रशियाची अधिकृत भाषा "विशेष लष्करी कारवाई", आम्ही पहिल्या दिवसापासून युद्धच लिहिलं आणि ते योग्यच होतं. आपल्याकडे मे महिन्यात मात्र कारवाई, संघर्ष आणि युद्ध हे तिन्ही शब्द एकाच पानावर होते. रात्री अकराला पान सोडताना हेडिंगमधे जागा किती यावरच बऱ्याचदा ठरतं, हेही खरं आहे, पण ते तसं असू नये असं मला वाटतं.

गाझाचं बघा. १९ जानेवारी २०२५ ला शस्त्रसंधी सुरू, १८ मार्चला इस्रायलचे हल्ले पुन्हा. त्या दोन महिन्यांना वाचक "युद्ध संपलं" म्हणत होते, कारण हेडिंगमधे तसंच काहीतरी वाचलेलं. युद्ध संपणं आणि गोळीबार थांबणं यात किती अंतर असतं ते कोरियाला विचारा, २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला सही झाली ती शस्त्रसंधीवर, शांतता करार आजतागायत नाही.

धागाकर्ती

मग मला एक जुना शब्द सुचवायचाय, बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. तहकूब. सभा तहकूब होते, विधानसभेचं कामकाज तहकूब होतं, म्हणजे संपत नाही, पुन्हा भरणार. जुन्या मराठीत युद्धतहकुबी हा शब्द आहेच. १२ मे च्या भाषणात पंतप्रधान जे म्हणाले त्याचा अर्थ हाच होता ना, कारवाई फक्त स्थगित केली आहे. म्हणजे सरकारची भूमिका जशीच्या तशी मराठीत सांगायची तर ती तहकुबी आहे. शस्त्रसंधी म्हटलं की समोरच्याशी ठरलेलं दिसतं, तहकुबी म्हटलं की आपण आपलं थांबवलेलं दिसतं. मला वाटतं आमच्या कट्ट्यावरचा निम्मा वाद याच फरकावर आहे आणि कोणाला तो नावाने सांगता येत नाहीये. मामेभावाला राग आहे तो समोरच्याशी ठरवल्याचा. काका माघार म्हणतात कारण त्यांना थांबणं हेच मागे येणं वाटतं, पण माघारीत पाऊल मागे पडावं लागतं, जिथे होतो तिथून हटावं लागतं. ते झालेलं नाही.

नाशिकचा

तहकुबी पटली. राग आहे तो आहेच माझा, पण आता निदान नेमका कशावर आहे ते सांगता येईल.

बे एरियातून

इथे देसी पार्टीत हाच वाद इंग्रजीत होतो आणि सीजफायर या एका शब्दात सगळं कोंबतात, मराठीत चार शब्द आहेत याचा मला हेवा वाटला वाचताना. एक जोड : १९४९ ची जी सीजफायर लाइन होती तिला जुने लोक युद्धबंदी रेषा म्हणायचे, माझे आजोबा शेवटपर्यंत तेच म्हणत. १९७२ च्या सिमला करारानंतर ती नियंत्रण रेषा झाली. ताबारेषा पण म्हणतात. पण बऱ्याच बातम्यांत पाकिस्तानकडच्या रेषेलाही "प्रत्यक्ष नियंत्रण रेषा" लिहितात, ती चीनकडची. नकाशावर आखून दोघांनी मान्य केलेली रेषा आणि जिथवर ज्याचा ताबा ती रेषा, यात मोठा फरक आहे. प्रत्यक्ष हा शब्द चीनच्याच रेषेला ठेवावा.

उपसंपादक

बरोबर आहे, आणि ही चूक आमच्याकडूनच पसरते. कळवतो डेस्कवर.

आठवीतल्या मुलीची आई

जाता जाता, एस्कलेशन आणि डी-एस्कलेशनला काय म्हणायचं? टीव्हीवर सारखं तेच.

सांगलीकर

चिघळणे आणि निवळणे. सीमेवरची परिस्थिती चिघळली, तणाव निवळला. मुद्दाम केलेलं असेल तर चिघळवणे. निवळणं मात्र आपलं आपण होतं, "तणाव निवळवला" हे कानाला खटकतं, तिथे "तणाव कमी केला" किंवा "निवळू दिला" म्हणावं.