जुना केनमोर ड्रायर: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

रानजाई
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनजवळ घर घेतलं, त्याच्या बेसमेंटमध्ये आधीच्या मालकांचा केनमोरचा कपडे वाळवायचा इलेक्ट्रिक ड्रायर तसाच मिळाला. लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची) जाळी वरून ओढून काढायची आणि वेळेचं बटण गोल फिरवायचं, त्यातला. गेल्या आठवड्यापासून ड्रम फिरतो, पण हवा गार. जीन्स तासाभरानेही ओल्याच. शिवाय सुरू केला की धप-धप आवाज येतो.

दुरुस्तीवाला नुसतं येऊन बघायचेच शंभर डॉलरच्या वर मागतोय, आणि मॉडेल ऐकून फोनवरच म्हणाला, "नवा घ्या." नवऱ्याचंही तेच म्हणणं. मला मात्र धडधाकट पत्र्याचं यंत्र टाकवत नाहीये. घरात मल्टिमीटर आहे, पाने-पेचकस चालवता येतात. जाणकारांनी सल्ला द्यावा.

ठाणेकर
अंगणात दोरी बांधा की! आम्ही भर जुलैत पंख्याखाली वाळवतो.

रानजाई
अहो, इथल्या सोसायटीला बाहेर दिसणारे कपडे चालत नाहीत. फ्लोरिडा, मेरीलँडसारख्या काही राज्यांत अशी बंदी घालता येत नाही म्हणे, पण मी तिथे राहत नाही.

खटपट्या
ताई, टाकू नका. दाराच्या कडेला आत मॉडेल नंबरची चिकटपट्टी असते, ती बघा. ११० ने सुरुवात असेल तर यंत्र व्हर्लपूलचं. केनमोर हे सिअर्सचं नुसतं नाव, आतला माल वेगवेगळ्या कंपन्यांचा: ४१७ म्हणजे फ्रिजिडेअर, ७९६ म्हणजे एलजी. वर जाळी असलेला २९ इंची व्हर्लपूल असेल तर नशीब काढलंत. हा साचा कित्येक वर्षं बदलला नाही, त्यामुळे सुटे भाग आजही सहज आणि स्वस्त मिळतात.

यंत्र उघडण्याआधी ब्रेकर बघा. ड्रायरला २४० व्होल्ट आणि ३० अँपिअरचा जोडब्रेकर लागतो. मोटर त्यातल्या एकाच तारेच्या १२० वर फिरते, तापायला मात्र दोन्ही तारा लागतात. म्हणून अर्धा ब्रेकर गेला की ड्रम फिरतो आणि हवा गार राहते. नुसत्या नजरेने हे कळत नाही. ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

त्याने जमलं नाही तर प्लग काढा (हे विसरायचं नाही, २४० आहे) आणि मागचा पत्रा उघडा. उजव्या हाताला पत्र्याची उभी लांब पेटी दिसेल, तो हीटर. तिच्यावर दोन छोटे गोल तुकडे असतात: वरचा थर्मल कट-ऑफ (फार तापलं की वीज कायमची तोडणारा), खालचा हाय-लिमिट थर्मोस्टॅट (तात्पुरती तोडणारा). एकेक तार सुटी करून मीटर लावा. दोन्हीकडे जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. हीटरच्या दोन टोकांत १० ओहमच्या आसपास. एक टोक आणि पेटीचा पत्रा यांच्यात काहीच येता कामा नये. तिथे आकडा दिसला तर कॉइल तुटून पत्र्याला टेकलीय, हीटर बदला.

कट-ऑफ उडाला असेल तर तो पुन्हा जुळत नाही. थर्मोस्टॅटसकट जोडीने बदलायचा, संच क्रमांक २७९८१६. पुष्कळ व्हिडिओंत ब्लोअरवरचा (हवा ढकलणाऱ्या पंख्यावरचा) पांढरा थर्मल फ्यूज (३३९२५१९) आधी बदलायला सांगतात. तुमच्यासारख्या इलेक्ट्रिक मॉडेलात बहुतेक वेळा तो गेला की यंत्र सुरूच होत नाही. तुमचा ड्रम फिरतोय, म्हणजे संशय तिकडे नको.

नर्मदा
माझं मत वेगळं. आम्ही मागच्या वर्षी हीट पंपवाला, म्हणजे तीच हवा आत फिरवून सुकवणारा ड्रायर घेतला. व्हेंट (हवा घराबाहेर नेणारी नळी) नको, वीज निम्म्याहून कमी, कपडे कडकडीत भाजून निघत नाहीत. जुन्यावर पैसे घालण्यापेक्षा नवा परवडतो.

खटपट्या
व्हेंट काढायला जागाच नसलेल्या अपार्टमेंटसाठी हीट पंप उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण वेळ बराच लागतो, आणि त्यात कॉम्प्रेसर, इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आतली जाळी साफ करणं असा सगळा संसार येतो. रानजाईताईंचा बिघाड बहुधा वीस-तीस डॉलरचा आहे. त्यासाठी हजाराचं यंत्र कशाला?

मिशिगनचा_मामा
खटपट्याशी सहमत, पण मुद्द्याचं राहिलं. कट-ऑफ कशामुळे उडाला, ते आधी शोधा. नाहीतर नवा लावाल आणि महिन्याभरात तोही जाईल. दहातल्या आठ वेळा दोष व्हेंटचा निघतो. गरम हवा बाहेर गेली नाही की पेटीतच कोंडते.

ड्रायर चालू करून बाहेर भिंतीवरची झडप बघा, पूर्ण उघडून हवेचा जोर लागला पाहिजे. मग यंत्रामागची नळी बघा. पांढरी प्लास्टिकची वळ्यावळ्यांची असेल तर आजच्या आज फेका, आगीला आमंत्रण आहे ते. पातळ फॉइलचीही नको. ४ इंची कडक धातूची नळी घाला, सांधे फॉइल टेपने बंद करा. स्क्रू मारू नका, आत आलेल्या टोकाला लिंट अडकतं. लांबीचा नियम साधारण ३५ फुटांचा, आणि दर काटकोनी वळणाला त्यातून ५ फूट वजा. बेसमेंटमधून वर जाणाऱ्या पाइपला हे हटकून ओलांडलेलं असतं.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० च्या आकडेवारीवरून काढलंय: घरांत वर्षाला सुमारे २,९०० ड्रायरच्या आगी, आणि त्यांतल्या ३४ टक्क्यांचं कारण सफाई न करणं. हा नुसता वीजबिलाचा प्रश्न नाही.

आणि ती जाळी नळाखाली धरून बघा. पाणी वर साचलं तर ड्रायर शीटचं (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकतात त्या कागदाचं) मेण बसलंय. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश.

शिकागोकर
धाग्यात घुसतो, माफी. आमचा गॅसवर चालणारा आहे, तोही व्हर्लपूलच. पहिली दहा मिनिटं मस्त तापतो, मग गार. इग्नायटर (गॅस पेटवणारा तुकडा) लाल होतो, विझतो, ज्योत येत नाही. बर्नर बदलावा का?

मिशिगनचा_मामा
बर्नरला हात लावू नका. गॅस व्हॉल्व्हवरच्या कॉइल गेल्यात. तापल्या की व्हॉल्व्ह उघडत नाहीत, थंड झाल्या की पुन्हा शहाण्या. संच २७९८३४, दोन-तीन स्क्रूंचं काम. वर व्हेंटबद्दल बोललो तेच तुम्हालाही, एक भर घालून: गॅसचा ड्रायर व्हेंट काढून क्षणभरही चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. गॅसच्या नळीचे सांधे सोडावे लागलेच तर नंतर साबणाच्या पाण्याने गळती तपासा. हात कापत असतील तर सरळ माणूस बोलवा.

रानजाई
आज उघडला! नंबर ११० चाच. ब्रेकर ठीक. हीटर १०.६ ओहम, पत्र्याला काही नाही. कट-ऑफवर मीटर हललाच नाही, म्हणजे उडालाय. आणि मामा, नळी पांढरी प्लास्टिकचीच, यंत्र भिंतीला दाबून ठेवल्याने मधोमध चपटी झालेली. आत राखाडी गोधडीच होती. संच मागवलाय, नळी उद्या आणते.

आता धप-धपचं काय? आणि नवरा विचारतोय, समजा नवा घ्यायचाच झाला तर कोणता?

खटपट्या
धप-धप म्हणजे ड्रमखालचे मागचे दोन रोलर झिजलेत. किंचाळल्यासारखा आवाज असता तर आयडलर पुली (बेल्ट ताणून धरणारी चकती) म्हटलं असतं. उघडलंच आहे तर रोलर, पुली, बेल्ट एकदमच बदला. ४३९२०६५ या एका संचात तिन्ही येतात. बेल्ट घालताना खाचा असलेली बाजू ड्रमकडे. आधी जुन्या बेल्टचा फोटो काढून ठेवा, पुलीतून तो कसा वळतो ते नंतर आठवत नाही.

नव्याचं म्हणाल तर माझ्या लेखी दोनच पर्याय. खिसा भरलेला असेल तर स्पीड क्वीन, विस्कॉन्सिनमध्ये रिपनला बनतो, महाग पण दुरुस्तीयोग्य. नाहीतर व्हर्लपूल, मेटॅग, अमाना यांतला साधा, बटणांचा. २००६ मध्ये मेटॅग व्हर्लपूलने घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या मॉडेलांत या तिघांचे भाग बरेचसे सारखे. जीई वाईट नाही, पण ड्रमच्या पुढच्या बाजूला रोलरऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या झिजल्या की कपड्यांवर काळे डाग पडतात आणि बदलायला पुढचा भाग उतरवावा लागतो. टचस्क्रीनवाले ज्यांना हवेत त्यांनी खुशाल घ्यावेत.

नर्मदा
कपड्यांतली ओल ओळखून यंत्र थांबवणाऱ्या सेन्सरचं तेवढं सांगा त्यांना. जुन्यात वेळ लावून सुकवायचं म्हणजे कधी ओलं, कधी करपलेलं.

खटपट्या
ते मान्य. पण काही जुन्या केनमोरमध्येही सेन्सर आहे. ताई, जाळीच्या खाचेजवळ ड्रमच्या आत धातूच्या दोन चकचकीत पट्ट्या आहेत का बघा. असतील तर स्पिरिटने पुसा, ड्रायर शीटचा थर बसला की सेन्सर आंधळा होतो.

रानजाई
आहेत पट्ट्या! बटणावर "ऑटो" लिहिलंय, ते कधी वापरलंच नव्हतं. रोलरची क्लिप काढायला वेगळी पकड लागते का?

खटपट्या
नाही, त्रिकोणी प्लास्टिकची असते, चपट्या पेचकसाने उचकटा. एक-दोन तुटतील, संचात जास्तीच्या नसतील तर आधीच वेगळ्या मागवा. शाफ्टला तेल घालू नका, लिंट चिकटतं.