फड मोडून ठिबक? साफ चुकीचं

पांझराथडी: कालच्या पोस्टमधली ओळ, 'पांझरेवरचे फड जुनाट झाले, पाट बुजवा आणि ठिबक टाका.' दोन शब्दांत उत्तर देता येईना म्हणून हा धागा. पांझरा ही आमच्या धुळ्याकडची नदी. फड म्हणजे नुसता दगडी बंधारा नव्हे, बंधाऱ्याचं पाणी पाटाने सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची पद्धत; त्या जमिनीच्या एकेका भागालाही फडच म्हणतात. थळाचे, म्हणजे बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे, साधारण चार फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि ऊस, दुहंगामी, हंगामी असा फेर. पीक एक म्हणून पाण्याची पाळी एक, म्हणून एक चारी (पाटाची छोटी शाखा) ओली करून अख्खा फड भिजतो. पेरा ज्याचा त्याचा झाला की सगळ्या चाऱ्या वाहत्या ठेवाव्या लागतात आणि पाणी वाटेतच मुरतं. बारं, म्हणजे शेताला पाणी, गावाने नेमलेला पाटकरी देतो, शेतकऱ्याने पाटाला हात लावायचा नाही. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक.

केळीबाग: हाई काय सांगी राह्यनात भाऊ! प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात होती तोवर हे न्यायाचं होतं. वाटण्या होऊन कित्येकांचा तुकडा एकाच फडात उरलाय. तो फड पडीक म्हणजे त्याचं वर्ष बुडालं. ठिबकाने पाणी मुळाशी जातं, शेजाऱ्याच्या पेऱ्याशी संबंध नाही.

पांझराथडी: आणि नदीचा गाळ? वाळूचा फिल्टर लागेल. आत-बाहेरच्या दाबात चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोचा फरक पडला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. तो चुकला की ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) बंद.

बऱ्हाणपूरवाला: गाळ दिसतो तरी. खरा शत्रू क्षार. आमचा कुंडी भंडारा बघा, बऱ्हाणपूरची जुनी भुयारी पाणीयोजना. 1615 मध्ये मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात बांधला. सातपुड्याच्या उताराचं भूजल अडवून, ओळीने कुंड्या खणून त्या भुयाराने जोडल्या. पंप नाही, पाणी उताराने शहरात. आज त्याच भुयारांत चुन्याचे थर साचून वाट अरुंद होते. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत सुटला की विरघळलेला चुना खाली बसतो. ड्रिपरच्या तोंडाशी हेच घडतं.

केळीबाग: त्यावर इलाज आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडून पाण्याचा सामू (pH) 4 पर्यंत आणायचा, 24 तास संच बंद, मग लॅटरलची (ड्रिपर असलेल्या नळ्यांची) टोकं उघडून फ्लश. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. भुयारातही हेच करा.

बऱ्हाणपूरवाला: चुकूनही नको! ॲसिडला साका (साचलेला थर) आणि दर्जातला, म्हणजे बांधकामाच्या सांध्यातला, चुना वेगळे कळत नाहीत. थरासोबत बांधकामही सुटेल, वर तेच पाणी लोकांच्या पिण्यात. थर हातानेच खरवडायचा आणि राडा कुंडीतून वर काढायचा.

केळीबाग: भुयाराचं मागे घेतो. ठिबकाचं नाही.

पांझराथडी: धागा फडाचा होता, तुम्ही भुयारात शिरलात! वाटण्यांचा मुद्दा मान्य करावा लागतोय. पण मग एकाच फडात अडकलेल्याला पडीक वर्षी दुसऱ्या फडात वाटा द्या. पाट का बुजवता? संच लावायचा तर फडनिहाय लावा, पाळी पाटकऱ्याकडेच ठेवा.

केळीबाग: फिल्टरचा खर्च फडाने उचलला तर बोलू.