वर्गात सगळे माझ्याकडेच बघत होते

आठवी ते दहावी या तीन वर्षांबद्दल मी कोणाशी धड कधी बोललो नाही. आता ५४ वर्षांचा आहे, मुलं मोठी झाली, तरी नववीतला गाण्याचा एक तास आठवला की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. म्हणून हा अनुभवांचा धागा. तुमच्याकडेही असं काही असेल तर लिहा. नावं नकोत, शाळा कुठली तेही नको. काय घडलं आणि आज मागे वळून बघताना त्यात काय दिसतं, एवढं पुरे.

सुरुवात मी करतो. आठवीपर्यंत माझा आवाज चांगला होता, गाण्यात पुढे मीच असायचो. त्या दिवशी बाईंनी एकट्याला उभं करून अंतरा म्हणायला सांगितला. वरच्या सा ला हात घातला आणि आवाज फाटला. अर्धा वरच राहिला, अर्धा धाडकन खाली आला. वर्ग हसला. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, "बस खाली, सराव सोडलेला दिसतोय."

सराव मी सोडलेला नव्हता. त्या वयात मुलांचं स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. तो स्थिरावेपर्यंत गळा जुन्या सवयीने सूर लावायला जातो आणि फसतो. प्रत्येक मुलाचं कमीअधिक हेच होतं. मला हे चाळिशीत कळलं. मधली २५ वर्षं मी चारचौघांत गायलो नाही. मुलीला झोपवताना खोलीचं दार लावून घ्यायचो आणि ओठ मिटून गुणगुणायचो. नववीतल्या हसण्यापेक्षा ते बंद दार मला आता जास्त लागतं.

*

माझं उंचीचं. सातवीत गेले तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा मी डोकंभर उंच होते. मुलींची वाढ मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी जोर धरते. त्यातही पावलं आणि हात आधी वाढतात, धड मागून. त्यामुळे मी सारखी बाकाला धडकायचे आणि "आली शिडी" ऐकायचे.

मग मी उभं राहायची एक युक्ती काढली. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा वाकवलेला, खांदे पुढे, हनुवटी खाली. अशाने दोन बोटं तरी उंची कमी दिसते. दहावीपर्यंत बहुतेक मुलं माझ्याएवढी किंवा माझ्याहून उंच झाली, शिडी म्हणणारं कोणी उरलं नाही, पण युक्ती अंगात मुरली ती मुरलीच. लग्नातल्या फोटोतही मी तशीच उभी आहे. गेल्या वर्षी मानेच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपी घ्यावी लागली. तिथल्या मुलीने दोन खांद्यांच्या मधे बोट ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, इथून वर उचला." उचललं, तर समोरच्या आरशात जी बाई दिसली ती माझ्या ओळखीची नव्हती. मला तिथेच रडू आलं. ४९ व्या वर्षी मी सरळ उभी राहायला शिकतेय.

*

मुरुमं. दिवसातून सहा-सहा वेळा साबणाने तोंड धुवायचो, कारण घरात आणि वर्गात सगळे म्हणायचे की अस्वच्छ राहतोस म्हणून येतात. ते खोटं होतं. वयात येताना संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमरंध्रं बुजतात, म्हणून येतात. घासून घासून कातडी आणखी बिघडली. आज माझ्या मुलाला आली आहेत. पहिल्याच महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

*

माझ्या गणवेशाला डाग पडला होता आणि मला पत्ता नव्हता. मधल्या सुट्टीत निघाले तर एक मुलगी मागून येऊन जवळजवळ चिकटलीच. आमची मैत्री नव्हती, आम्ही फारशा बोलायचोही नाही. कानात म्हणाली, "थांबू नकोस, चालत राहा, मी मागे आहे." लांबच्या लांब व्हरांडा ती माझ्या टाचेला टाच लावून चालली, माझं पाऊल पडेल तसं तिचं. स्वच्छतागृहाच्या दाराशी स्वतःचा स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि गेली. त्यानंतर वर्षभर आम्ही एका वर्गात होतो. तिने कधी विषय काढला नाही, मीही आभार मानले नाहीत. ३६ वर्षं झाली, तिचा माग लागलेला नाही.

*

मी शाळेत शिकवते, त्यामुळे हे सगळं दुसऱ्या बाजूने रोज दिसतं. डेव्हिड एलकाइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये यासाठी एक शब्द वापरला: काल्पनिक प्रेक्षक. पौगंडावस्थेत मुलांना वाटतं की आपण सतत रंगमंचावर आहोत. पुढे २००० साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला एका गायकाचा चेहरा छापलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं त्याला विचारलं. अंदाज निम्म्यांच्या आसपास गेला. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं होतं.

हा प्रयोग सांगून लोक मुलांना म्हणतात, "अरे, कोणी बघत नाही तुझ्याकडे." मला हे पटत नाही. चाळीसच्या वर्गात पाव म्हणजे दहा जण. दहा जण बघताहेत ही चौदाव्या वर्षी लहान गोष्ट नाही. मी मुलांना आकडा जसा आहे तसा सांगते: तुला वाटतं त्याच्या निम्मे बघताहेत. त्यांना ते खरं वाटतं, कारण ते खरं आहे.

*

माझी तक्रार उलटी. माझ्याकडे कोणीच बघितलं नाही. तीन वर्षं खिडकीजवळच्या बाकावर बसलो. वीस वर्षांनी वर्ग पुन्हा जमला तेव्हा एकाने हात मिळवून विचारलं, "तू कुठल्या तुकडीत होतास?" तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. त्याचे केस मानेवर कसे कापलेले असत ते मला अजून आठवतं.

*

लिहू की नको, असं तीन दिवस चाललं होतं. इथे सगळ्यांनी सोसलेलं लिहिलंय. मी हसणाऱ्यांपैकी होतो.

वर्गात एक मुलगा बोलताना अडखळायचा. हजेरी घेताना सर आडनावं पुकारत आणि आम्ही "हजर" म्हणायचो. त्याचा "ह" सुटायचा नाही. मी मागच्या बाकावरून बरोब्बर त्याच्या आधी "ह-ह-ह" करायचो. रोज. सर ओठांतल्या ओठांत हसायचे, म्हणून मला जोर यायचा. काही महिन्यांनी त्याने बोलणंच सोडलं, नुसता हात वर करायचा. मग मी हाताचीही नक्कल केली. मी वाईट घरातला नव्हतो, मला कोणी मारत नव्हतं, मी दुःखी नव्हतो. हसू येत होतं म्हणून केलं. आता ५८ वर्षांचा आहे. त्याचा नंबर मिळालाय. फोन करावा का?

*

वरच्या अनुभवाला उत्तर देते. तो मुलगा मी नव्हे, पण मीही अडखळते.

फोन करू नका. अडखळणाऱ्या अनेकांना फोन फार अवघड जातो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि शब्द अडला की पलीकडचा म्हणतो, "हॅलो, आवाज येत नाहीये." तुम्ही माफी मागणार आणि त्याला त्याच क्षणी तोंडाने काहीतरी बोलावं लागणार, तेही तुमच्यासमोर. लिहून पाठवा. "मला माफ कर" असं लिहू नका, तो त्याच्यावर भार होईल. काय केलंत ते लिहा, वर लिहिलंय तसंच, सरांच्या हसण्यासकट. मला असं पत्र कोणी लिहिलं असतं तर एवढं तरी कळलं असतं की ते खरंच घडत होतं, माझ्या मनाचे खेळ नव्हते.

आणि धागा काढणाऱ्या दादांसाठी एक. सगळ्यांबरोबर एका सुरात कविता म्हणताना मी कधी अडखळले नाही, गातानाही नाही. बहुतेक अडखळणाऱ्यांचं असंच असतं. गाण्याच्या तासाची मी आठवडाभर वाट बघायची. तुम्ही दार उघडं ठेवून गा.

*

पत्र लिहिलं. चार पानं झाली होती, परत वाचून दीड पान ठेवलं. बाकीच्या अडीच पानांत मी माझ्याबद्दलच लिहिलं होतं. आज टपालात टाकलं.