मदत हवी आहे : अ‍ॅझ्ट्रिओनाम हे अँटिबायोटिक मुंबईत कुठे मिळेल?

मंडळी, सासरे परळला अ‍ॅडमिट आहेत, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर युरिन इन्फेक्शन झालं आणि आता ते रक्तात गेलंय. कल्चर रिपोर्टमध्ये क्लेबसिएला हा जंतू, पुढे नुसती आर आर आर ची रांग (आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही), मेरोपेनेमसारखं तगडं अँटिबायोटिकसुद्धा आर, एकट्या कोलिस्टिनसमोर आय (इंटरमीजिएट, म्हणजे अधलंमधलं), आणि खाली पेनाने एनडीएम (अँटिबायोटिक्स तोडणारं जंतूचं एन्झाइम) लिहिलंय. कोलिस्टिन म्हणजे १९५० च्या दशकातलं औषध, किडनीला जड, आणि बाबांचं क्रिएटिनिन आधीच वर, त्यामुळे डॉक्टर जरा कचरतायत.

त्यांचं म्हणणं सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनाम एकत्र द्यायचं. एनडीएम हे एन्झाइम अ‍ॅझ्ट्रिओनामला तोडू शकत नाही, पण त्याच जंतूकडे असलेली बाकीची एन्झाइम्स तोडतात, त्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम अडवून धरतं. नुसतं पहिलं देऊन उपयोग नाही म्हणे. लॉजिक पटलं, पण हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये अ‍ॅझ्ट्रिओनाम नाही आणि बाहेर दोन-तीन केमिस्टनी तर नावच परत विचारलं!

तर दादर, परळ, ठाणे कुठेही स्टॉक असलेलं दुकान माहीत असेल तर प्लीज सांगा. दुसरं, आपल्या मुंबईच्याच वोक्हार्ट कंपनीचं सेफेपिम-झिडेबॅक्टम हे नवं अँटिबायोटिक कुणाच्या पेशंटला मिळालंय का, त्यासाठी अर्ज डॉक्टरांनी करायचा की घरच्यांनी, किती वेळ लागतो? आणि हो, गुळवेल, काढे सुचवू नका हो, इथे मेरोपेनेम हरलंय. कुणी मायक्रोबायोलॉजीवाले असाल तर रिपोर्ट लगेच इनबॉक्स करते.