मदत हवी आहे: मुतखड्यावर नेमकं काय खाणं बंद करायचं?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, मानेवाड्याकडे राहते. मागच्या महिन्यात मुतखडा पडला, तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला (ऑक्झलेट म्हणजे पालक-चुक्यासारख्या भाज्यांत असणारा एक क्षार). डॉक्टरांनी सांगितलं: पालक, चुका, बीट कमी, मीठ कमी, आणि पाणी इतकं की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, सगळं घामातच जातं, तेव्हा हे कसं जमवता?

खरा घोळ घरात आहे. सासूबाई म्हणतात टमाटर बंद, शेजारच्या काकू म्हणतात दूध-दही बंद. डॉक्टर मात्र उलट सांगतात: दही जेवणासोबत घ्या, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि ते किडनीपर्यंत कमी पोचतं. टमाटरात तर ऑक्झलेट फारसं नसतंच म्हणे. मला हे पटलं, पण घरच्यांना कोण पटवणार!

आता अडलंय ते शेंगदाण्यावर. त्यात ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं, आणि आमच्याकडे कूट नाही अशी भाजी नाही. चुक्याची भाजी तर माझी आवडती, कधीमधी दह्यासोबत चालेल का? तर्री पोह्यांत मला मिठाचीच जास्त भीती वाटते.

ज्यांना हा त्रास झालाय त्यांनी सांगा, कुटाऐवजी रस्सा दाट करायला काय घालता? लिंबूपाणी बिनमिठाचं, बिनसाखरेचं रोज घेता का? नागपुरात किडनीच्या आहाराचं नीट समजावून सांगणारे आहारतज्ज्ञ माहीत असतील तर तेही कळवा. काढे-चूर्ण कृपया सुचवू नका, त्यांचा ढीग आधीच जमलाय.