मदत हवी आहे: बाहेर बसवलेले ३७ बॉक्स एकेक करून ओळखायचे कसे? आणि भिवापूरचा बॉक्स लाइट गेल्यावर उशिरा का जोडतो?

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीत आमचं सहा जणांचं काम आहे. कोल्ड स्टोरेजमधलं तापमान मोजून ते मालकाच्या मोबाइलवर दाखवायचं. कळमना, काटोल, उमरेड, भिवापूर मिळून ३७ बॉक्स बसवलेत. प्रत्येकात रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर), फोर-जी डोंगल आणि समोर वेळ-तापमान दाखवणारी दोन ओळींची स्क्रीन.

मागच्या महिन्यात रात्री दीडला अलार्म वाजला. भिवापूरकडच्या एका स्टोरेजची खोली ३, तापमान ३४. आत मिरचीची पोती. मी ऑपरेटरला फोन लावला. तो झोपेतून उठून आत गेला, भिंतीवरचं थर्मामीटर बघून म्हणाला, "काहून घाबरवता जी, इथं तर सहाच आहे." तेवढ्यात आमच्याकडे ६ दिसलं, मग ३४, मग पुन्हा ६.

सकाळी उलगडा झाला. त्या खोलीतला बॉक्स आम्ही बदलला होता, पण जुना परत आणला नव्हता. तो कोणीतरी उचलून नेला आणि कुठेतरी चालू केला. सिमही आम्ही बंद केलं नव्हतं. दोघांचा क्लायंट आयडी (सर्व्हरला सांगायची ओळख) एकच, त्यामुळे एक जोडला की दुसरा तुटायचा. सर्व्हरने जुन्याला आत घेतलं, कारण ३७ ही बॉक्स म्हणजे एकाच एसडी कार्डच्या नकला. एकच युजरनेम, एकच पासवर्ड. चूक आमची आहे.

मला झोप लागत नाही ती उलट्या शक्यतेने. खोली खरंच तापलेली असती आणि हरवलेला बॉक्स कुठल्यातरी थंड जागेतून ६ पाठवत राहिला असता, तर शेतकऱ्यांचा माल गेला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

आता प्रत्येक बॉक्सला वेगळी डिजिटल किल्ली द्यायची म्हणून तीन ठिकाणी वायरगार्ड (बॉक्स ते सर्व्हर बंदिस्त वाट, म्हणजे टनेल, करणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं. सिमला पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, म्हणून बॉक्सच बाहेरून आमच्या सर्व्हरला जोडतो. कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं छोटं पॅकेट) दर २५ सेकंदांनी. बॉक्सची सगळी रहदारी टनेलमधूनच जाते, बाहेर काहीच उघडं नको म्हणून. काटोल आणि कळमना व्यवस्थित. भिवापूरला मात्र लाइट जाऊन आली की टनेल कधी दहा मिनिटांनी जोडतो, कधी वीस-पंचवीस. त्या वेळात सिमला रेंज असते, सर्व्हरला पिंग जातो, पण हँडशेक (जोडताना होणारी ओळख-तपासणी) होत नाही आणि कुठेही एरर नाही. परवा लाइट पावणेबाराला गेली, तीनला आली. ऑपरेटर म्हणाला स्क्रीनवर ११:३० दिसतंय. मला वाटलं स्क्रीन अडकली. तिथे एक चक्कर म्हणजे माझा अख्खा दिवस जातो, म्हणून आधी विचारतोय.

दोन प्रश्न: हा उशीर कशामुळे? आणि बॉक्स चोरीला गेला तर बाकीच्या ३६ ठिकाणी न फिरता तेवढाच कसा तोडायचा?

पूर्णा_काठ:
भाऊ, स्क्रीन अडकलेली नाही, घड्याळ खरंच मागे आहे. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. सिस्टिम अधूनमधून वेळ फाइलमध्ये लिहून ठेवते आणि चालू होताना तिथूनच पुढे मोजते. लाइट झटक्यात गेली की शेवटची नोंद काही मिनिटं जुनी असते.

वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. कोणी जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवू नये म्हणून सर्व्हर प्रत्येक किल्लीचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना आला की गुपचूप टाकून देतो. तुमचा शेवटचा हँडशेक पावणेबाराचा, बॉक्स म्हणतोय साडेअकरा. म्हणजे पावणेबारा "वाजेपर्यंत" तो बाहेरच राहणार. वेळ दुरुस्त करायला एनटीपी (इंटरनेटवरून बरोबर वेळ घेणं) हवं, आणि ते तुम्ही टनेलमध्येच कोंडलंय. काटोल-कळमन्याला बहुधा इन्व्हर्टर असेल.

एनटीपी टनेलच्या बाहेरून जाऊ द्या. त्याहून चांगलं म्हणजे डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल आणि सीआर२०३२ सेल. एनटीपीचं उत्तर वाटेत कोणी बदलू शकतो, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका. सर्व्हरवर ती किल्ली काढून पुन्हा घातली तरी शिक्का पुसला जातो, पण ते सवयीचं करू नका, संरक्षणच जातं.

टेकडी_लाइन:
दुसऱ्या प्रश्नाचं. बॉक्स गेला की सर्व्हरवरून तेवढीच पब्लिक की (किल्लीच्या जोडीतला उघडा भाग) काढा, सिम बंद करा, झालं. पण खासगी किल्ली बॉक्सवरच तयार करा, मूळ एसडी कार्डात ठेवू नका, नाहीतर पुन्हा नकला.

टनेलने काम संपत नाही. टनेलमध्ये आलेला एक बॉक्स दुसऱ्याच्या नावाने आकडे पाठवू शकतो. तुम्ही मॉस्किटो (बॉक्सचे आकडे घेऊन पुढे देणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर क्लायंट सर्टिफिकेट (बॉक्सचं डिजिटल ओळखपत्र) सक्तीचं करा, सर्टिफिकेटमधलं नावच युजरनेम धरा आणि त्या नावाच्या टॉपिकवरच (आकडे टाकायच्या कप्प्यातच) लिहायची परवानगी द्या. हरवलेल्याचं सर्टिफिकेट रद्द यादीत टाका. खोलीचं नाव बॉक्सला देऊच नका. बॉक्सला नंबर द्या आणि कोणता नंबर कोणत्या खोलीत ते सर्व्हरवर ठेवा. त्या रात्रीचा घोळ इथेच थांबला असता.

एसडी कार्ड काढून कोणी किल्ली कॉपी करेल ही भीती असेल तर एटीईसीसी६०८ सारखी चिप मिळते, किल्ली तिच्या बाहेर येत नाही. ती पी-२५६ या वक्रावर (किल्लीमागच्या गणितावर) चालते, म्हणजे वर सांगितलेल्या टीएलएस सर्टिफिकेटला उपयोगी. वायरगार्डची किल्ली वेगळ्या वक्राची, ती त्यात बसत नाही.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काटोल-कळमन्याला विचारलं, दोन्हीकडे इन्व्हर्टर आहे. ऑफिसात एका बॉक्सची पिन उपटून तासाभराने लावली: आधी १७ मिनिटं, एनटीपी टनेलच्या बाहेरून जाऊ दिल्यावर ४० सेकंद. घड्याळाची मॉड्यूल्स सीताबर्डीहून आणलीत, शनिवारी भिवापूरला जातोय.

खोलीचं नाव बॉक्समधून काढायचं काम आजच सुरू केलं. एक अडलंय: जुन्या ३४ बॉक्सवर नवी किल्ली दुरूनच पोचवायची तर तो बॉक्स आमचाच आहे हे त्या एका वेळेपुरतं कसं मानायचं? सगळ्यांचा पासवर्ड तर तोच जुना आहे. सिमचा नंबर आमच्या नोंदीशी ताडून, ऑपरेटरला फोनवर बॉक्सवरचा सिरियल वाचायला लावून करतोय. यात काही भोक दिसत असेल तर सांगा, शुक्रवारपर्यंत थांबतो.